पियानोमागचा फ्रेंच सिनेमा

आई, तो सिनेमा सापडला. जाडजूड बाप, छत्री घेऊन येणारा काटकुळा माणूस आणि दर वेळी नवी टोपी घालून दार उघडणारी आत्या असलेला, तू मला मांडीवर घेऊन पाहिलेला तो काळापांढरा फ्रेंच सिनेमा. त्याचं नाव तुला कधी माहीत नव्हतं, त्यामुळे मलाही नव्हतं. तुझ्या नातीने शोधून काढला. तू तिला रांगताना पाहिलंस, आता ती माझ्यापेक्षा उंच आहे आणि मिल्टन कीन्सच्या आमच्या घरात एका वेळी दोन पायऱ्या उड्या मारत उतरते. मी तिला एकदा जेवताना सगळी गोष्ट सांगितली होती, तेवढ्यावरून तिने लॅपटॉपवर काय काय टाकून पाहिलं आणि एक दिवस वरूनच ओरडली, "आई, आजीची सिनेमा सापडला!" तिचं मराठी असंच आहे, लिंग कुठलंही कुठेही लावते. तू असतीस तर सुधारत बसली असतीस आणि ती तुझ्याकडून तरी शिकली असती. तर सिनेमा मूळचा नाटकावरून केलेला, हे तू तेव्हाच ओळखलं होतंस, आणि गंमत म्हणजे तो नवीन प्रिंट काढून लागणार होता तो आपण पाहिला त्याच ग्लासगोला. रविवारी दुपारच्या खेळाला. मी शनिवारीच ट्रेन पकडली.

तो पहिला रविवार मला अजून दिसतो. बाबा ड्यूटीवर. हॉस्पिटलच्या करमणुकीच्या हॉलमध्ये डॉक्टर-नर्सेससाठी सिनेमा लावणार असल्याचा कागद दारावर चिकटवलेला. बाबांनी सकाळी जाताना सांगितलं होतं की घरात बसून कंटाळण्यापेक्षा जाऊन या, आणि तू साडीवर तो जाड तपकिरी कोट चढवून मला घेऊन निघालीस. आपण उशिरा पोचलो. मागच्या खुर्च्या भरलेल्या होत्या, म्हणून एकदम पहिल्या रांगेत, आणि तिथे पुढ्यातच तो भलामोठा पियानो. पडद्याचा खालचा भाग त्याच्यामागे गडप. खाली इंग्रजीत अक्षरं येत होती हे मला मागचे लोक हसायचे त्यावरून कळलं. आपल्याला त्यातलं एकही दिसत नव्हतं, आणि दिसलं असतं तरी तुला इंग्रजी इतक्या भराभर वाचता येत नव्हतं. मी म्हटलं, आई, चल घरी. तू मला मांडीवर ओढलंस आणि माझ्या कानात मराठीत बोलायला लागलीस. जाड्या माणसाने तोंड उघडलं की तू त्याच्या आवाजात, आत्या आली की नाकात. हा काटकुळा आहे ना, तो मुलगी बघायला आलाय. बघ बघ, बाप कसा घाम पुसतोय. मुलगी म्हणतेय, मला नाही लग्न करायचं, मी कपाटात लपते. आणि ती खरंच कपाटात लपायची. मला वाटलं, आपल्या आईला फ्रेंच येतं. सांगलीला शाळेत शिकवलं असेल. घरी येताना मी तुला विचारलं तर तू म्हणालीस, "फ्रेंच नाही गं येत. माणसं येतात."

ते वर्ष तुझं फार चांगलं चाललं नव्हतं, हे मला पुष्कळ पुढे कळलं. सांगलीत तुझ्या घरी माडीवर नाटकांच्या तालमी चालायच्या, तू चहाच्या निमित्ताने जिन्यात बसून सगळ्यांचे संवाद पाठ करायचीस. आणि इथे जिन्यात कुणी भेटलं तर फक्त पावसाबद्दल बोलायचं, तेही तुला न कळणाऱ्या ग्लासगोच्या इंग्रजीत. बाबा भूलतज्ज्ञ. दिवसभर माणसांना झोपवायचे आणि घरी आले की स्वतः झोपायचे. घरात बोलायला मी, आणि मावशी. मावशी म्हणजे सख्खी नव्हे. ती बाबांच्या हॉस्पिटलातली मुलांची डॉक्टर, गिरगावची, एकटी राहायची, तुला वहिनी म्हणायची आणि ड्यूटी संपली की थेट आपल्या स्वयंपाकघरात येऊन गॅसच्या ओव्हनचं दार उघडून पाय शेकत बसायची. लहानपणी तिचा एक पाय मोडला होता. थंडीत तो दुखायचा आणि ती जरा लंगडायची. हॉस्पिटलात मुलं तिला घाबरायची नाहीत, मोठे डॉक्टर घाबरायचे, असं बाबा म्हणायचे.

मावशीला बघायला नागपूरची मंडळी आली तो दिवस. मुलगा कॉव्हेंट्रीला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर, आणि त्याची आई नागपूरहून त्याच्याकडे राहायला आलेली, खास सून शोधायला. बाबांच्या ओळखीतून जमलेलं, त्यामुळे कार्यक्रम आपल्याकडे. पोहे ग्लासगोत मिळत नव्हते, म्हणून तू लापशीच्या ओट्सचे पोहे केलेस, मोहरी-हळदीची फोडणी देऊन, वर लिंबू पिळून. नागपूरच्या आजींनी, मी त्यांना आजीच म्हणायचे, एक चमचा खाल्ला आणि बशी खाली ठेवली. मुलगा मात्र सगळे खाऊन बशी चाटायच्या बेतात होता. मग आजींनी मावशीला मराठी मासिकातला एक उतारा वाचायला लावला. तिने वाचला. मग म्हणाल्या, जरा त्या दारापर्यंत चालून दाखव बाळ, पायाचं काहीतरी ऐकलं होतं.  बाबा कार्पेटकडे बघायला लागले. मावशी, जी आदल्या दिवशी कुणाच्या तरी मरायला टेकलेल्या बाळाला परत घेऊन आली होती, ती उठली, दारापर्यंत गेली आणि परत आली. म्हणायला उन्हाळा होता तरी गारठा होताच, त्यामुळे ती लंगडली. मुलाचे कान लाल झाले होते. तो आईला काही बोलला नाही. आजी म्हणाल्या, कळवतो. तू हातात चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होतीस आणि तुझा चेहरा मला आठवतो, कारण त्यावर काहीच नव्हतं.

ते गेल्यावर मावशी ओव्हनपाशी येऊन बसली. रडली नाही. म्हणाली, वहिनी, मुलगा बरा वाटला हो, तेवढंच वाईट वाटतं. तू ओट्सची कढई घासत होतीस. घासता घासता तू म्हणालीस की यंदा गणपतीत आपण नाटक करू या, आणि मुलीचं काम मावशीने करायचं.

बाबांनी आधी ते हसण्यावारी नेलं. आपल्या मंडळाच्या गणपतीला चर्चचा हॉल मिळायचा, आरती, दोन गाणी, कुणाच्या तरी मुलीचा नाच आणि जेवण, एवढाच कार्यक्रम असायचा. नाटक कसलं, पुस्तक कुठून आणणार, असं त्यांनी विचारलं. तू म्हणालीस, पुस्तक नकोच, फ्रेंच सिनेमा आहे, मला सगळा आठवतोय. आणि नागपूरच्या मंडळींनाही बोलवा, अजून त्यांचं उत्तर यायचंय, आजी मुलाकडेच आहेत. बाबांना यात वावगं काही दिसलं नाही. फ्रेंच म्हटल्यावर त्यांना वाटलं, काहीतरी उच्च दर्जाचं असणार.

मग आपल्या स्वयंपाकघरात महिनाभर काय चाललं होतं, ते आठवलं की मला अजून एकटीला हसू येतं. तू टेबल भिंतीला सरकवलंस, कारण त्या खोलीला तीन दारं होती, एक पॅसेजचं, एक कोठीचं आणि एक कोळशाच्या कपाटाचं, आणि तू म्हणायचीस की ज्या नाटकात हसायचं असतं त्याला दारं लागतात, शब्द नंतर. जाड्या बापाचं काम करायला दातांचे डॉक्टर काका मिळाले, ते मूळचेच तसे. काटकुळ्या नवऱ्या मुलाचं काम एका नव्या आलेल्या हाऊसमनने, म्हणजे शिकाऊ डॉक्टरने, घेतलं, पुण्याचा, इतका उंच की कोळशाच्या कपाटातून बाहेर येताना त्याचं डोकं दर वेळी आपटायचं, आणि तू ते तसंच ठेवायला सांगितलंस. आत्या तू. कागदावर काहीही नव्हतं. तू प्रत्येकाला त्याचे शब्द तोंडाने द्यायचीस, आणि चुकला तर चिडायची नाहीस, म्हणायचीस, नाही, परत आत जा आणि परत ये, माणूस येतानाच चुकला. मी ते वाक्य पुढे माझ्या ऑफिसात लोकांना शिकवताना किती वेळा वापरलंय. तालमीत तू कुणी वेगळीच दिसायचीस. पदर खोचलेला, आवाज सांगलीचा. खालच्या मजल्यावरच्या स्कॉटिश बाई एकदा आवाज कमी करा सांगायला वर आल्या आणि दारात उभ्या राहून शेवटपर्यंत बघत राहिल्या, एक शब्द न कळता.

चर्चच्या स्टेजला दारं नव्हती. बाबांनी हॉस्पिटलातून जुने, वॉर्डात खाटांभोवती लावायचे कापडी पडदे मागून आणले, चाकांवरचे. त्यांना तू रद्दीचा कागद चिकटवून दारं रंगवलीस. चाकांना खाली विटा लावायच्या ठरल्या होत्या, पण ऐन वेळी एक वीट कुणीतरी हलवली. त्यामुळे पहिल्याच प्रवेशात दातांचे काका दार ओढायला गेले आणि दारच त्यांच्याबरोबर स्टेजच्या मध्यापर्यंत चालत आलं. ते दार हातात धरून तसेच उभे. लोक इतके हसले की बाबा, जे बाजूला पडद्याची दोरी धरून होते, त्यांनी दोरी सोडून डोळे पुसले आणि पडदा अर्धा खाली आला. तू आत्या होऊन आत आलीस आणि इतकंच म्हणालीस, "दादा, घर घ्यायच्या आधी जरा हलवून बघायचं होतं." हे तालमीत नव्हतं.

मला बसायला जागा मिळाली होती नागपूरच्या आजी आणि त्यांचा मुलगा यांच्या मधे. मुलगा लहान मुलासारखा हसत होता. आजी हसत नव्हत्या, पण टेकून बसल्या होत्या. आणि मग तो प्रवेश आला. काटकुळा मुलगी बघायला आलाय. बाप घाम पुसतोय. आत्या पोह्यांची बशी आणते, खऱ्या ओट्सची. मुलीला तो म्हणतो, जरा चालून दाखवा. मुलगी उठत नाही. मावशी तिथे दोन वेण्या घालून, परकर-पोलक्यात बसली आहे. ती हाऊसमनकडे बघते, अगदी हॉस्पिटलात पेशंटकडे बघावं तशी, आणि म्हणते, "आधी तुम्ही. त्या दारापर्यंत."

सगळ्या बायका हसल्या. एकदम आणि सगळ्या. पुरुष थोडे मागून. हाऊसमन उठतो, दारापर्यंत चालतो, दार चाकांवर जरा मागे सरकतं, तो आणखी चालतो. मावशी विचारते, पायाला काही दोष नाही ना, लहानपणी कुठे पडलेबिडले नव्हतात ना. मग त्याला वळायला लावते. जीभ काढून दाखवायला लावते. केस खरे आहेत का ते विचारते. शेवटी ओट्सच्या पुड्यावरचं मोठ्याने वाचायला लावते, आणि तो इतक्या मन लावून वाचतो की जणू तो त्याचा शेवटचा पेपर आहे. बायकांना आता बसवत नव्हतं. कुणीतरी मागे खुर्चीवरून घसरलं. पण मी हसत नव्हते, कारण माझ्या डाव्या बाजूला आजी ताठ झाल्या होत्या. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. मला वाटलं, आता या उठून जाणार. बाबांनाही तेच वाटलं असणार, ते दोरी घट्ट धरून आमच्याकडेच बघत होते. आजींनी खाली वाकून मला विचारलं, हे कुणी लिहिलं. मी म्हटलं, माझ्या आईने, पण तिचं नाही, फ्रेंच सिनेमातलं आहे. आजी परत स्टेजकडे बघायला लागल्या. पिशवी मांडीवरच राहिली.

चहाच्या वेळी हॉलच्या मागे सगळे दाटीवाटीने उभे होते. तू अजून आत्याच्या टोपीतच होतीस. ती तू बाजारातल्या टी-कोझीची, चहाच्या किटलीवर घालायच्या लोकरी टोपडीची, केली होतीस. आजी गर्दीतून वाट काढत सरळ तुझ्याकडे आल्या. बाबा माझ्यामागे येऊन उभे राहिले, त्यांचा हात माझ्या खांद्यावर गार लागला. आजींनी विचारलं, "फ्रान्समध्येही मुलगी बघायला जातात का हो?"

तू म्हणालीस, "जात असावेत. सिनेमात होतं."

"आणि तिथल्या मुली असं उलट विचारतात?"

"विचारतात."

आजींनी तुझ्या टोपीकडे बघितलं. मग त्या जे म्हणाल्या ते त्यांच्या मुलानेही कधी ऐकलं नव्हतं. "मला गायला लावलं होतं," त्या म्हणाल्या. "सोळा माणसं समोर. आवाज फुटेना. तर यांचे काका म्हणाले, मुकी आहे का बघून घ्या." आणि त्या हसल्या. छोटंसं, पण मग थांबेनात. तूही हसायला लागलीस. टी-कोझी घसरून डोळ्यांवर आली आणि तुम्ही दोघी एकमेकींच्या दंडाला धरून उभ्या. मला तेव्हा वाटलं होतं, मोठ्या बायका इतकं हसतात ते कशाला. आता वाटतं, त्या बाईंना ते सांगायला नागपूर सोडून ग्लासगोच्या चर्चच्या हॉलपर्यंत यावं लागलं.

मुलगा हे सगळं बघत होता. मग त्याने कप खिडकीत ठेवला आणि मावशीसमोर जाऊन उभा राहिला. मावशीच्या वेण्या अजून तशाच. तो म्हणाला, "माझं राहिलंय. इथून त्या पियानोपर्यंत पुरेल?" त्या हॉललाही पियानो होता. मावशी काही बोलायच्या आत तो निघाला. लोक कप सावरत बाजूला झाले. लाडवांचं ताट घेऊन येणाऱ्या कुणाला तरी धडकता धडकता तो वाचला आणि पियानोला हात लावून उभा राहिला, गोंधळलेला, कारण पुढे काय करायचं त्याने ठरवलंच नव्हतं. मावशीने डोकं जरा एका बाजूला कलवलं. म्हणाली, "आता परत या. येताना खरं कळतं."

तो परत आला. इतकीच ती गोष्ट. पुढच्या वसंतात त्यांचं लग्न झालं, तो ग्लासगोला नोकरी बघून आला, आणि तेव्हापासून तो माझा काका. पण त्या दिवशी घरी येताना गाडीत बाबांनी तुला विचारलं होतं. मी मागे झोपल्याचं सोंग करून ऐकत होते. बाबा कधी आवाज चढवत नसत, तेव्हाही चढवला नाही. म्हणाले, अगं, त्या बाई उठून गेल्या असत्या तर पोरीचं जमायचं राहिलं असतं, आणि मी शब्द दिला होता. तू हे बुद्ध्या केलंस का. तू खिडकीबाहेर बघत होतीस. म्हणालीस, "अहो, मी काय करणार. सिनेमात होतं तसं केलं." बाबांनी ते खरं मानलं. आम्ही सगळ्यांनीच मानलं. पुढे कितीतरी वर्षं मंडळात त्या नाटकाचं नाव निघालं की लोक म्हणायचे, फ्रेंच लोकांचं विनोदाचं अंगच वेगळं.

तर गेल्या रविवारी. मावशी आता निवृत्त, काकांच्या हातात काठी, पण दोघं माझ्या आधी तिकिटांच्या रांगेत. काकांनी टाय घातला होता. त्या फ्रेंच माणसाचे उपकार आहेत माझ्यावर, असं त्यांनी मला सांगितलं, दिग्दर्शक कोण असेल तो. आम्ही मधल्या रांगेत बसलो. पुढे काही नाही, पियानो नाही, अक्षरं स्वच्छ. जाडा बाप आला. आई, मी ओळखला त्याला, घाम पुसायची ती लकबसुद्धा. काटकुळा छत्री घेऊन दारात आला आणि त्याने तोंड उघडलं आणि खाली अक्षरं आली की तो गावातला नवीन डॉक्टर आहे. मुलीला तपासायला बोलावलंय. मुलीला लग्न करायचं नाही हे तू बरोबर सांगितलं होतंस, त्यासाठी ती आजारी असल्याचं सोंग करते आहे, पण बघायला येणारा मुलगा त्यात कुठेच नाही. मावशीने माझा हात धरला. काटकुळ्याने बॅग उघडली आणि त्यातून स्टेथोस्कोप काढला. आणि मला एकदम आठवलं, त्या पहिल्या रविवारी मी तुला विचारलं होतं, आई, याच्याकडे बाबांचं आहे तसं आहे. तू म्हणाली होतीस, मग, डॉक्टर मुलगा बघितलाय त्यांनी.

म्हणजे तुला काय कळलं होतं आणि काय नव्हतं, हे आता मला कुणीच सांगू शकत नाही. एका डॉक्टरच्या बायकोला डॉक्टर ओळखू आला नाही, असं मला मुळीच वाटत नाही. मला वाटतं, तुला सगळं दिसत होतं आणि तुला ती दुसरी गोष्ट जास्त आवडली.

आम्ही त्या प्रवेशाची वाट बघत राहिलो. काका मधूनमधून कुजबुजत होते, आता येईल, थांब जरा, पोह्यांच्या जागी तिथे केक असेल. दारं उघडत होती, मिटत होती, आत्या टोप्या बदलत होती, आणि सिनेमा खरंच मजेदार आहे, आई, थिएटर हसत होतं. बाप कपाटात अडकला. डॉक्टर चुकून आत्यालाच तपासून गेला. मुलीचं तिच्या आवडत्या कुणाशी तरी जमलं आणि सगळे एकमेकांचे गाल चुंबायला लागले आणि पडद्यावर शेवटची अक्षरं आली. दिवे लागले. मुलीने कुणाला चालायला लावलं नव्हतं. जीभ काढायला लावली नव्हती. सबंध सिनेमात तिने उलट एकही प्रश्न विचारला नव्हता.

काका म्हणाले, संपला?  मी मावशीकडे बघितलं तर ती हसत होती, आवाज न करता, खांदे हलवून, आणि मग आवाज फुटला आणि मागच्या रांगेतली दोन माणसं वळून बघायला लागली. हसता हसताच ती म्हणाली, "वहिनींनी तो प्रवेश माझ्यासाठी लिहिला." काका काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. ते म्हणाले, "माझ्यासाठीसुद्धा."

बाहेर येऊन आम्ही कोपऱ्यावरच्या कॅफेत बसलो आणि काकांनी सूप मागवून ते गार होऊ दिलं, कारण ते आजींची गोष्ट सांगत होते. नागपूरला परत गेल्यावर आजींनी नातेवाइकांत एक नवा नियम काढला होता म्हणे. घरातल्या कुठल्याही मुलासाठी मुलगी बघायला निघाले की त्या मुलाला आधी स्वतःच्या दिवाणखान्यात चालवून बघायच्या आणि मग सांगायच्या, तिथे तुला कुणी विचारलं तर लाजू नकोस, फ्रान्समध्ये हीच पद्धत आहे. काकांचे तीन चुलतभाऊ असे चालून गेलेत. एकाला मुलीने खरंच विचारलं. मावशी म्हणाली, एका खोट्यावर नागपूरच्या किती सुना सुखात आहेत बघ. मग ती गंभीर झाली आणि म्हणाली की त्या दिवशी दारापर्यंत चालताना तिला तुझाच चेहरा दिसला होता, ट्रे घेऊन उभी असलेली तू, आणि तिला वाटलं होतं, वहिनींनाही काही वाटलं नाही. इतकी वर्षं तिला नाटक म्हणजे जुळून आलेला योगायोगच वाटत होता. मी तुझ्याविषयी पुष्कळ वेळा विचार करते, पण असं नवीन काही कळेल याची मला आशा राहिली नव्हती. गेलेल्या माणसाबद्दल आपण जुनंच उगाळत असतो. आणि इथे तू ग्लासगोतल्या एका रविवारी एकदम पुढे आलीस, अक्षर न लिहिलेली, अख्खा मुलूख हसवून नाव फ्रेंचांचं करून मोकळी झालेली लेखिका. सांगलीच्या जिन्यातून तू किती काय घेऊन आली होतीस, आणि आम्ही तुला विचारायचो, आज भाजी काय.

परतीच्या ट्रेनमध्ये मी एकटीच हसत होते, समोरच्या माणसाने शेवटी जागा बदलली. घरी आल्यावर तुझ्या नातीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मग आजीची प्ले आपण इथे करू या, माझे फ्रेंड्स आहेत, मला मुलगी बनायचं नाही, मला तो दार घेऊन चालणारा माणूस बनायचंय. मी तिला म्हटलं, लिहिलेलं काहीच नाही. ती म्हणाली, तुला आठवतंय ना. पुढच्या शनिवारी तिचे मित्र येणार आहेत. मला स्वयंपाकघर मोकळं करायचंय, या घराला दारं कमी आहेत, फ्रिजचं धरायला लागेल.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, नेटवरही टाकणार नाही, त्याला कारण मी मारलेली एक थाप. थिएटरच्या दारात एक तरुण मुलगी उभी होती, सिनेमा कसा वाटला ते विचारत. मावशी-काका पुढे गेले होते. मी तिला सांगितलं की प्रिंट सुंदर आहे पण त्यातला सगळ्यात चांगला प्रवेश कापलाय, मुलगी त्या माणसाला चालून दाखवायला लावते तो. मी लहानपणी इथेच, ग्लासगोत, पूर्ण पाहिलाय. ती बिचारी खरंच हळहळली. म्हणाली, हे फार महत्त्वाचं आहे, मी आमच्या माणसांना कळवते, ते शोधतील. मी तिला थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही, आणि खरं सांगू का, परत भेटली तरी थांबवणार नाही.